टॅकेट संपला की नाही

एरी, पेनसिल्व्हेनिया
१८ जुलै १९८४

प्रिय लॉटी,

तुमच्या ओमाहाने आम्हाला गंडवलं. बातमी तुला कळली असेलच, आणि कळल्यापासून तू तोंड लपवून बसली असशील. आमच्या स्टोकर्स फुटबॉल संघाने तेवीस वर्षांचा, रेड्यासारखा दांडगा गडी तुमच्या ड्रोव्हर्सना देऊन टाकला, आणि बदल्यात काय घेतलं? डुएन टॅकेट! वय चौतीस. उजव्या गुडघ्यावर चार ऑपरेशनं. ज्याने तीन सेकंदांत चेंडू कुणाकडे फेकायचा ते ठरवायचं आणि तेवढ्यात अंगावर येणारी चार धुडंही चुकवायची, तो क्वार्टरबॅक लंगडा!

तुला माहीत आहे, मी एकतीस वर्षं इंजिनाच्या कारखान्यात तपासनीस होतो. केसाएवढी चीर असलेला तुकडा मी कधी पुढे जाऊ दिला नाही. हा टॅकेट माझ्या टेबलावर आला असता तर लाल खडूने फुली मारून थेट भंगारात टाकला असता.

आमच्या ऑरेलिओ न्हाव्याला मात्र म्हातारचळ लागलाय. कात्री थांबवून म्हणतो, "कॅझ, माणसाला अनुभव आहे." म्हटलं, अनुभव तर माझ्या फ्रिजलाही आहे, म्हणून त्यात बर्फ होतो का? मागच्या वर्षी आम्ही सोळा सामन्यांपैकी दोन जिंकलो. यंदा तेही दोन जातील.

तुझा भाऊ,
कॅझ


ओमाहा, नेब्रास्का
२६ जुलै १९८४

प्रिय कॅझ,

तोंड लपवून नाही, चांगली रडत बसले होते. नऊ वर्षं दर रविवारी मी त्या पोराला पाहिलंय. एमिल गेला आणि मी विधवा झाले त्या हिवाळ्यात सोमवार ते शनिवार कसे गेले मला आठवत नाही, रविवार तेवढे आठवतात, ते टॅकेटमुळे. आणि आमच्या मालकांनी त्याला असा देऊन टाकला, जसा कुणी जुना सोफा रस्त्यावर ठेवतं.

आता आलाच आहे तुमच्याकडे तर नीट ऐक, आणि तुझ्या त्या न्हाव्यालाही सांग. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याच्यावर ओरडू नका, त्याला तापायला वेळ लागतो. डावीकडे पळत असताना त्याला फेकायला लावू नका, तिथे त्याचं कधीच जमलं नाही. पाऊस यायच्या आदल्या दिवशी त्याचा गुडघा ठणकतो, तेव्हा तुमच्या कोचने हवामान खात्याला फोन करण्यापेक्षा त्यालाच विचारावं. आणि चूक कुणाचीही असो, कुणी विचारलं की तो एकच वाक्य बोलतो, "ती माझीच चूक, साहेब." इथे शाळेतली पोरंसुद्धा गृहपाठ राहिला की त्याच्यासारखा सूर काढून तेच म्हणतात. तो खरंच चुकलेला असेल तेव्हाच त्याला बोला.

तो सात सामने जिंकून देईल. हस काय हसायचं ते. पैज लाव. सात जिंकले तर मी सांगेन ती एक गोष्ट तू निमूट करायचीस. नाही जिंकले तर तू सांगशील ती मी करीन. काय करायचं ते तेव्हा ठरवू. आहे हिंमत?

लॉटी

ता. क. फ्रिज बदल.


एरी
१७ सप्टेंबर

प्रिय लॉटी,

पैज मंजूर. आता हिशेब ऐक. तीन सामने झाले, तिन्ही हरलो. दुसऱ्या सामन्यात तुझ्या लाडक्याने चार पास सरळ समोरच्या संघाच्या हातात दिले. मला वाटलं, नोकरी त्यांच्याकडे आहे आणि आमच्याकडे नुसता जेवायला येतो.

ऑरेलिओच्या दुकानात आता दोन पक्ष पडलेत. खिडकीकडच्या बाकावर 'संपला'वाले बसतात, आरशाकडच्या खुर्च्यांवर 'संपला नाही'वाले. खिडकीचा पुढारी मी. आमच्याकडे जागा पुरत नाही, लोक टेकून उभे असतात. आरशाकडे फक्त ऑरेलिओ आणि सेंट कॅसिमिर चर्चचे पाद्री फादर ग्रॉन्स्की. पाद्र्यांचं सोड, अशक्यावर विश्वास ठेवणं हे त्यांचं कामच आहे.

मैदानात पूर्वी नुसतं ओरडायचे, आता तो मैदानात आला की गाणं म्हणतात. गाण्याचे शब्द तुला लिहिता येण्यासारखे नाहीत. आई असती तर माझं तोंड साबणाने धुतलं असतं.

कॅझ


ओमाहा
२५ सप्टेंबर

प्रिय कॅझ,

त्याला पळायला जागाच मिळत नाही तर तो फेकणार काय? त्याच्यापुढे उभी राहून धुडं अडवणारी तुमची पाच माणसं म्हणजे नुसता पडदा आहे, वारा आला की बाजूला होतो. जरा दम धर. कालपरवा एक सामना जिंकलात ना? त्याबद्दल तुझ्या लेखणीतून एक ओळ नाही!

लेखणीवरून आठवलं. तुझं अक्षर एवढं मोठं कधीपासून झालं? कॅझ व्रोबेलच्या वह्या बघायला वरच्या वर्गातली पोरं यायची, इतकं बारीक आणि सरळ तुझं अक्षर. या पत्रात एका पानावर आठ ओळी, आणि त्यातल्या दोन एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. घाईत होतास का? की ते गाणं म्हणत लिहीत होतास?

येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी तुमचा सामना आमच्याशी आहे. इथे टीव्हीवर दाखवणार आहेत. मी दालचिनीचे रोल करून शेजारणींना बोलावलंय. कुणाच्या बाजूने बसायचं तेच मला कळेनासं झालंय.

लॉटी


एरी
७ ऑक्टोबर, रविवार

लॉटी,

सामना संपून तासही झाला नाही आणि लिहायला बसलोय. तुझ्या ड्रोव्हर्सना आम्ही लोळवलं! तिकिटं उरली की घरच्या गावात सामना दाखवत नाहीत, पण सगळी खपली, म्हणून इथेही टीव्हीवर दाखवला. मी घरात बसून शेवटपर्यंत पाहिला, एकही गोष्ट नजरेतून सुटली नाही.

आता तू नाचायच्या आत सांगतो. यात टॅकेटचं काडीइतकं श्रेय नाही. शेवटचं मिनिट, आठ यार्ड बाकी, त्याने काय केलं? चेंडू आमच्या फेनरच्या पोटात खुपसला आणि स्वतः बाजूला झाला. फेनर गर्दीत घुसला, सगळी त्याच्यावर पडली, तरी कसाबसा रेटत रेटत शेवटच्या रेघेपलीकडे पोचला आणि टचडाउन! धन्य तो पोरगा. टॅकेटने फक्त हमाली केली, चेंडू इथून उचलून तिथे दिला. तेवढं तर मीसुद्धा केलं असतं. टचडाउन झाल्या झाल्या मी सेट बंद केला, या वयात काळजाला सोसत नाही.

सहा सामने, दोन विजय. तुझे सात कुठे दिसतात का?

कॅझ


ओमाहा
१३ ऑक्टोबर

प्रिय कॅझ,

तू कुठला सामना पाहिलास?

मी पाहिला त्यात फेनरकडे चेंडू नव्हताच. टॅकेटने दिल्यासारखं केलं, रिकाम्या हातांनी फेनर गर्दीत घुसला, आमची अकराच्या अकरा गाढवं त्याच्यावर जाऊन पडली. आणि टॅकेट चेंडू मांडीच्या मागे लपवून, मान खाली घालून, एखादा म्हातारा दूध आणायला निघावा तसा उजवीकडून लंगडत एकटाच टचडाउनला गेला. त्याच्या आसपास दहा यार्डांत कुणी नव्हतं! माझ्या हातातला रोल खाली पडला. मिसेस क्रेझचीने तर पुढे जाऊन टीव्हीच्या काचेवरच थाप मारली. नंतर चार वेळा पुन्हा पुन्हा दाखवलं.

इथल्या पेपरात एक गंमत आली आहे. तुमच्या रेडिओवरचा निवेदकही फसला म्हणे. "फेनर, फेनर, रेटतोय, पोचला!" असं तो ओरडला, आणि मग अर्ध्या मिनिटाने माफी मागून दुरुस्ती केली. पण तू तर टीव्ही पाहत होतास ना?

कॅझ, तू टीव्ही पाहत होतास ना?

लॉटी


एरी
२३ ऑक्टोबर, मंगळवार

प्रिय लॉटी,

माझ्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेली आहे, सगळं दुधात बुडवल्यासारखं दिसतं. म्हणून गोंधळ झाला. त्या माणसाने फसवलं ते बरं केलं, पण फसवणं म्हणजे फेकणं नव्हे. विषय संपला.

आता चांगली बातमी. आज ऑरेलिओच्या दुकानात मला माझ्यासारखाच एक शहाणा माणूस भेटला. कुणीतरी दक्षिणेकडचा असावा, बोलताना शब्द ताणत होता. खिडकीच्या उजेडात माझ्या शेजारी येऊन बसला. उंच होता, आणि बसताना एक पाय सरळ पुढे ठेवला. मी नेहमीप्रमाणे टॅकेटवर बोलत होतो. त्याला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? म्हणाला, "तुम्ही सांगा साहेब, मी ऐकतोय." मग काय, पंधरा वीस मिनिटं मी सांगितलं. डावीकडे पळताना तो पुढचा पाय आडवा टाकतो, म्हणून चेंडू वर जातो. दोन वर्षांपूर्वीच त्याने सोडायला हवं होतं. आता तो खेळतो ते निव्वळ पगारासाठी. तो माणूस मान हलवत होता. म्हणाला, "डावीकडचं तुम्ही बरोबर पकडलंत, साहेब." म्हणाला, गुडघ्याचा त्रास त्यालाही आहे. मी म्हटलं, मग तुम्ही आणि टॅकेट एकाच झुलत्या खुर्चीत बसा! तो इतका हसला की आमचा बाक हलला.

दुकानात बाकी सगळे गप्प होते. एरवी मला मधेच तोडतात. आज कुणाची हिंमत झाली नाही. निघताना मी त्याला म्हटलं, मी थोडं जास्तच बोललो असेन तर राग मानू नका. तर हात मिळवून म्हणाला, "छे, ती माझीच चूक, साहेब." किती अदबीचा माणूस! नाव विचारायचं राहूनच गेलं.

कॅझ


ओमाहा
२९ ऑक्टोबर

कॅझ,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा हसले. इतकी हसले की खुर्चीवर बसावं लागलं. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. तिसऱ्यांदा वाचून लगेच लिहायला बसले.

तो टॅकेट होता.

शब्द ताणणारा, उंच, पाय सरळ ठेवून बसणारा, "ती माझीच चूक, साहेब" म्हणणारा! त्याचा चेहरा गेले तीन महिने तुमच्या प्रत्येक पेपरात आहे, प्रत्येक दुकानाच्या काचेवर आहे. तो तुझ्यापासून हातभर अंतरावर वीस मिनिटं बसला, आणि तू त्याला त्याचंच गाऱ्हाणं सांगत होतास.

पिक्चर ट्यूब टीव्हीची गेलेली नाही, कॅझ. खरं सांग, तुला कितपत दिसतं?

लॉटी


एरी
३ नोव्हेंबर

लॉटी,

तुला काय करायचंय?

कॅझ


एरी
६ नोव्हेंबर

आदरणीय मिसेस हावलिक,

तुमचं पत्र मिळालं. मी चहाडखोर नाही. बेचाळीस वर्षं न्हावी आहे, खुर्चीत ऐकलेलं खुर्चीतच ठेवतो. पण तुम्ही विचारलंत आणि तुम्ही त्याच्या मोठ्या बहीण, म्हणून लिहितो.

त्या दिवशी आम्हा सगळ्यांना वाटलं, कॅझ तोंडावर बोलतोय. मला तर त्याचा अभिमानच वाटला, म्हटलं, काय छाती आहे! तो गेल्यावर टॅकेट मला म्हणाला, "त्या साहेबांना मी दिसलो नाही, तुमच्या लक्षात आलं का?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. रोज भेटणाऱ्या मला जे कळलं नाही ते त्या परक्या माणसाला एका भेटीत कळलं. मला लाज वाटली.

मग जुन्या गोष्टी आठवल्या. उन्हाळ्यात कॅझने गाडी फुटपाथवर चढवून कोपऱ्यावरच्या बागेतला सेंट फ्रान्सिसचा पुतळा पाडला होता. खाली उतरून त्याने पुतळ्याची माफी मागितली. उत्तर आलं नाही म्हणून "काय उद्धट माणूस आहे" असं मला येऊन सांगितलं. मी विनोद समजून हसलो. त्या दिवसापासून गाडी गॅरेजात आहे. विचारलं की म्हणतो, सुटा भाग मिळत नाही.

मोतीबिंदू असावा असं माझी बायको म्हणते. तिच्या आईचा असाच होता, दुधासारखा. हल्ली एका सकाळीत काढतात. पण कॅझपुढे डॉक्टर हा शब्द काढला की तो टोपी घालून निघून जातो. गेले चार दिवस दुकानात आलेला नाही. खिडकीचा बाक रिकामा आहे.

आपला,
ऑरेलिओ ब्रुनेटी

ता. क. टॅकेट संपलेला नाही. हे कॅझला सांगितलंत तरी चालेल.


ओमाहा
११ नोव्हेंबर

प्रिय कॅझ,

"तुला काय करायचंय" म्हणे! तुला चालायला मी शिकवलं, म्हणून मला करायचंय.

मला सगळं कळलंय. सेंट फ्रान्सिसचंही. कुणी सांगितलं विचारू नकोस. आणि तू का जात नाहीस तेही मला ठाऊक आहे. बाबांच्या वेळी मीही तिथेच होते.

पैज आठवते? तुमचे चार झालेत, सामने पाच राहिलेत. सात झाले तर माझी एक गोष्ट तू निमूट करायची आहेस. ती गोष्ट मी आज सांगते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. आता तू प्रत्येक रविवारी टॅकेटने हरावं म्हणून देवाची प्रार्थना करशील. कर. देव फुटबॉल बघतो, त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

लॉटी


एरी
२३ नोव्हेंबर

प्रिय लॉटी,

काल ऑरेलिओच्या बायकोने थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला नेलं. टर्कीबरोबर राव्हिओली. मी ताटात काटा फिरवत होतो, काय कुठे आहे ते शोधत. ती हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुझ्या उजवीकडे मांस, डावीकडे राव्हिओली." एवढंच. म्हणजे तिलाही कळलंय.

तेव्हा आता लिहितोच. डावा डोळा मागच्या वर्षीच गेल्यात जमा झाला. उजवा या उन्हाळ्यात दुधात बुडाला. उजेडाकडे माणूस बसला की त्याला चेहराच नसतो. तुझं एक पत्र वाचायला मला भिंग घेऊन दोन दुपारी लागतात. सामने रेडिओवर ऐकतो. ऐकतो आणि पाहिल्यासारखं बोलतो. तीस वर्षं लोक माझ्याकडे येऊन म्हणायचे, कॅझ, जरा तुझ्या डोळ्याखालून घाल. त्या माणसाने आता काय सांगायचं? की मला समोरचा टॅकेट दिसला नाही?

आणि बाबा. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. चौदा दिवस त्यांना डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून निजवलं होतं, मान हलवायची नाही. तू शाळा सुटली की यायचीस, मी सकाळपासून तिथेच असायचो. पट्टी काढली तेव्हा ते म्हणाले, "दिवा लावा." दुपारची वेळ होती, लॉटी. मीच खिडकीजवळ उभा होतो. ते वाक्य मी कुणाला कधी सांगितलं नाही.

मला भीती वाटते. झालं तुझं समाधान?

पाच झाले आहेत. सात झाले तर जाईन. शब्द आहे. पण होणार नाहीत.

कॅझ


ओमाहा
२९ नोव्हेंबर

प्रिय कॅझ,

माझं समाधान झालं नाही. पत्र वाचून मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले, चुलीवरचं सूप उतू गेलं. बावन्न वर्षं ते वाक्य तू एकट्याने सांभाळलंस. मला सांगायचंस रे.

ते १९३२ साल होतं आणि तो डॉक्टर गुरांचाही होता. हे १९८४ आहे. मिसेस क्रेझचीचं याच वसंतात झालं. ती त्याच आठवड्यात पत्ते खेळायला आली, आणि आता टेबलापलीकडून आमचे पत्ते बघून लबाडीही करते.

पैज मोडते मी. सात व्हायची वाट पाहू नकोस. जा.

लॉटी


एरी
१७ डिसेंबर

प्रिय लॉटी,

तू हरलीस. सहाच झाले.

आता बस खाली, बरंच सांगायचं आहे. तुझं पत्र यायच्या आधीच, सत्तावीस नोव्हेंबरला, मी टोपी घालून ऑरेलिओच्या दुकानात गेलो. त्याने सांगितलं होतं, मंगळवारी टॅकेट केस कापायला येणार आहे. मी आत जाऊन एका माणसासमोर उभा राहिलो आणि सगळी माफी एका दमात मागितली. तो माणूस म्हणाला, "कॅझ, मी फादर ग्रॉन्स्की. टॅकेट तिकडे बसलाय." मग पुन्हा पहिल्यापासून मागितली.

टॅकेटने मला शेजारी बसवलं. मी विचारलं, चार वेळा गुडघा फाडून घेतलास, भीती नाही वाटली? म्हणाला, "चारही वेळा वाटली, साहेब. पहिल्या वेळी तर मी हॉस्पिटलच्या गाडीतळावरून परत घरी गेलो होतो." मी विचारलं, मग? म्हणाला, "मग काय. बायकोने गाडी वळवली."

मी त्याच दुपारी ऑरेलिओला म्हटलं, गाडी काढ. बघ, वाटेत मी दोनदा त्याला परत फिर म्हणालो. तो एरवी इतकं बोलतो, त्या दिवशी बहिरा झाला होता.

सहा डिसेंबरला उजवा डोळा झाला. वाळूच्या पिशव्या नव्हत्या. पूर्ण वेळ डॉक्टर माझ्याशी टॅकेटवर वाद घालत होता. दुसऱ्या दिवशी त्याने पट्टी काढली. समोर एक माणूस उभा होता, नाकात केस वाढलेला, कपाळावर सुरकुत्याच सुरकुत्या. म्हटलं, हा कोण म्हातारा? तो ऑरेलिओ होता. मी त्याला तसं सांगितलं. तो रडायला लागला, आणि मग म्हणाला, "आरशात तू स्वतःला बघ मग बोल." बघितलं. त्याची माफी मागितली.

त्याच्या दुकानात किती धूळ आहे, लॉटी!

काल शेवटचा सामना होता. डॉक्टर म्हणाला होता, वाकू नका, ओझं उचलू नका, ओरडू नका. पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या. ऑरेलिओ आणि मी मैदानात जाऊन बसलो, काळा चष्मा लावून. सरोवरावरून बर्फ येत होता. मला त्याचा एकेक कण वेगळा दिसत होता. मी पहिली पंधरा मिनिटं बर्फच बघत बसलो, ऑरेलिओ कोपराने ढोसत होता, "अरे, सामना इकडे आहे."

टॅकेट वाईट खेळला. मी जुलैपासून सांगतोय तेच. पण शेवटच्या दोन मिनिटांत चार गुणांनी मागे असताना त्याने साठ यार्ड संघ पुढे नेला. अठरा यार्ड बाकी होते. सात व्हायला अठरा यार्ड. मी उभा राहिलो होतो. हो, मी. खिडकीचा पुढारी. आणि त्याने डावीकडे पळत फेकला. पुढचा पाय आडवा. चेंडू वर उडाला आणि समोरच्या संघाच्या एका सव्वाशे किलोच्या धुडाच्या हातात पडला.

ते धूड उलट्या दिशेने, आमच्या टोकाकडे पळत सुटलं. पळत म्हणजे काय, डुलत. आमचे सगळे बर्फात आडवे झालेले. त्याच्यामागे एकटा टॅकेट, एक पाय ओढत. लॉटी, अशी शर्यत तू आयुष्यात पाहिली नसशील. एक म्हैस पुढे, एक लंगडा मागे. लोक आधी हसले. मग पन्नास यार्डांपाशी हसायचे थांबले. सत्तर यार्डांपाशी सगळं मैदान उभं राहिलं. तीन यार्ड बाकी असताना त्याने त्या धुडाच्या पायांवर उडी घातली आणि त्याला खाली आणलं.

कशासाठी? सामना गेलेलाच होता. टचडाउन झालं असतं तर जरा जास्त गुणांनी हरलो असतो, एवढंच. मला त्याचा चेहरा दिसला, बर्फाने भरलेला, तोंड वासलेलं. कुणी ते गाणं म्हटलं नाही. तो उठून लंगडत बाहेर जाईपर्यंत एकाही माणसाने जागा सोडली नाही.

आता पैज. तू हरलीस, तर माझी एक गोष्ट तू निमूट करायची आहेस. इथे बोललं जातंय की स्टोकर्स त्याला सोडणार. तू नऊ वर्षं त्याला पाहिलंस. तर तू आमच्या मालकांना पत्र लिही. सांग, याला आणखी एक वर्ष ठेवा. पुढच्या वर्षी तो आठ जिंकून देईल.

कॅझ


ओमाहा
२६ डिसेंबर

माझ्या प्रिय कॅझ,

पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं, अक्षर बघण्यासाठी. बारीक आणि सरळ! मी ते मिसेस क्रेझचीला दाखवायला बर्फातून तीन घरं पलीकडे गेले, सपाता घालून. तिने विचारलं, रडतेस का? मी म्हटलं, माझा भाऊ पैज जिंकला.

हरले ते मान्य. दुसरं काहीही सांग. तुमच्या स्टोकर्सची नारिंगी टोपी घालून चर्चमध्ये गाते, म्हणशील तर त्या सेंट फ्रान्सिसची माफी मागायला एरीला येते. पण ते पत्र मी लिहिणार नाही. इथेही ती दौड बातम्यांत दाखवली. मी पूर्ण पाहिली नाही, डोळे मिटून घेतले. त्याला घरी जाऊ दे, कॅझ. त्याला दोन मुली आहेत, उद्या त्यांच्याबरोबर जिना चढायला गुडघा शिल्लक राहायला हवा. त्याने जे द्यायचं ते दिलं. मी म्हणते, तो संपला. प्रेमाने म्हणते.

लॉटी


एरी
३ जानेवारी १९८५

लॉटी,

हे तू लिहितेस? तू? ऑरेलिओला तुझं पत्र वाचून दाखवलं, स्वतः, मोठ्याने, न अडखळता. तर तोही म्हणतो तुझंच बरोबर आहे. फादर ग्रॉन्स्कीही तेच म्हणतात. देवावर विश्वास ठेवतात, टॅकेटवर नाही! दुकानात आता माझ्या बाजूने मी एकटा आहे.

डावा डोळा सतरा तारखेला आहे. भीती वाटते, पण चालत जाणार आहे, कुणी गाडी वळवायला नको.

पैज ही पैज असते. टोपी नको, पत्रच हवं. नीट लिही, त्याचा पुढचा पाय आडवा जातो तो एका उन्हाळ्यात सुधारता येईल, मी त्याला सांगितलंय कसा. तो म्हणाला, "बघतो, साहेब." संपलेला माणूस 'बघतो' म्हणतो का? संपलेला माणूस हरलेल्या सामन्यात ऐंशी यार्ड पळतो का? तू डोळे मिटून घेतलेस आणि मला सांगतेस तो संपला. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकू नकोस. हजार मैलांवरून तुला काय दिसतंय, लॉटी?

कॅझ